कॅन्सस सिटीतले ७८ फूट

कुस्तीच्या जुन्या कार्यक्रमांची समीक्षा करताना लढतींना गुण द्यायची पद्धत आहे. वेग कसा होता, कथानक रंगलं का, शेवट पटला का, हे पाहायचं आणि तारे द्यायचे. 'ओव्हर द एज' या डब्ल्यूडब्ल्यूएफ कुस्ती कंपनीच्या कार्यक्रमाला मी तारे देऊ शकत नाही; त्यात ओवेन हार्ट या मल्लाचा जीव गेला. २३ मे १९९९ चा रविवार, अमेरिकेतलं मिझुरी राज्य, कॅन्सस सिटीचं केम्पर अरीना. हा कार्यक्रम पाहताना डोळे लढतीवर असतात आणि मन घड्याळावर. म्हणून घड्याळाच्याच क्रमाने लिहितो. वेळा तिथल्या आहेत आणि काही अंदाजाने धरलेल्या आहेत. तिथे संध्याकाळचे सात वाजले तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट होती, साडेपाचची.

सहा महिने आधी

ओवेन हार्ट हा कॅनडातल्या कॅल्गरीचा. वडील स्टू हार्ट यांची तालीम घराच्या तळघरातच होती आणि तिथे घाम गाळलेले कितीतरी मल्ल पुढे जगभर नावाजले. बारा भावंडांत ओवेन धाकटा. थोरला भाऊ ब्रेट जगज्जेता होता, पण निव्वळ चपळाई पाहिली तर ओवेन त्याच्याहून एक पाऊल पुढे होता, असं मला वाटतं.

१९९७ च्या नोव्हेंबरात माँट्रियलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने ब्रेटला फसवून जगज्जेतेपदाचा पट्टा काढून घेतला आणि ब्रेट दुसऱ्या कंपनीत गेला. ओवेन करारामुळे मागे राहिला. १९९८ अखेरीस त्याच्या तोंडावर पुन्हा एक जुना मुखवटा चढला, 'ब्लू ब्लेझर'चा. दहा वर्षांपूर्वी हे पात्र उड्या मारणारा खराखुरा वीर होता. आता तो मुलांना दूध प्या, प्रार्थना म्हणा असं सांगणारा विदूषक झाला होता. एका विवाहित पुरुषाच्या प्रेमप्रकरणाचं कथानक ओवेनने नाकारलं होतं, असं त्याच्या जवळच्यांनी सांगितलं आहे. घरी पत्नी मार्था होती आणि दोन लहान मुलं. काही वर्षं पैसे साठवायचे आणि कुस्ती सोडून घरी राहायचं, हा त्याचा बेत होता.

१५ नोव्हेंबर १९९८ ला सेंट लुईमध्ये ब्लू ब्लेझर पहिल्यांदा छतावरून दोराने खाली आला. लोक हसले आणि ती युक्ती लक्षात राहिली. प्रतिस्पर्धी कंपनीत स्टिंग नावाचा मल्ल असाच छतावरून उतरायचा, गंभीर चेहऱ्याने. ब्लेझरने त्याचंच हास्यास्पद रूप करायचं होतं.

कार्यक्रमाआधीचे तास

मे महिन्यात या युक्तीला एक भर घातली गेली. ब्लेझर रिंगच्या थोडं वर येऊन थांबणार, दोरात अडकल्यासारखी धडपड करणार, मग स्वतःच स्वतःला सोडवून तोंडावर आपटणार आणि लोक हसणार. हे जमायचं तर दोर आणि अंगावरचा पट्टा जोडणारा आकडा एका झटक्यात सुटायला हवा. माणूस उंचावरून सोडताना जादा कुलूपबंद आकडे लावतात, एक निसटला तर दुसरा धरून ठेवतो. पण ते उघडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात विनोद मरतो. म्हणून जादा आकडे नकोत असं ठरलं. वापरला गेला तो झटकन सुटणारा आकडा शिडाच्या नौकांसाठी बनवलेला होता. तो उघडायला सहा पौंडांचा, म्हणजे जेमतेम पावणेतीन किलोंचा ताण पुरत असे. त्याला लटकलेला माणूस शंभर किलोंच्या आसपासचा होता.

या सगळ्या रात्रीत मला सर्वांत जास्त छळतो तो हाच निर्णय. पडणं हा कुस्तीचा धंदाच आहे. मल्ल वर्षानुवर्षं पडायला शिकतात, पाठ कशी टेकवायची, मान कशी आत घ्यायची, समोरच्याला कसं जपायचं. निकाल आधी ठरलेला असतो, इजा मात्र खरी असते. हे ओवेनला कोणी शिकवायची गरज नव्हती. ३ ऑगस्ट १९९७ ला त्याच्याच एका डावात स्टीव्ह ऑस्टिन डोक्यावर आपटला आणि काही वेळ ऑस्टिनला हातपाय हलवता आले नव्हते. पण रिंगमधला डाव दोन मल्लांच्या हातात असतो. छताला बांधलेला दोर आणि आकडा ओवेनच्या कौशल्याच्या बाहेरचा होता. तिथे तो कुस्तीगीर नव्हताच, फक्त एक वजन होता.

हे छतही साधं नाही. ४ जून १९७९ ला मुसळधार पावसात याच केम्पर अरीनाच्या छताचा मोठा भाग कोसळला होता. पाणी साचलं आणि बोल्टांनी दगा दिला. आत कार्यक्रम नव्हता म्हणून माणसं वाचली. पुढे छत पुन्हा उभं राहिलं. १९९९ च्या त्या संध्याकाळी त्याखाली सोळा हजारांवर प्रेक्षक बसले होते.

संध्याकाळी ६

'संडे नाइट हीट' हा मुख्य कार्यक्रमाआधीचा तास सुरू झाला. पाहण्यासारखं फारसं काही नाही.

संध्याकाळी ७

मुख्य कार्यक्रम. पहिली लढत जोडीच्या पट्ट्यासाठी, केन आणि एक्स-पॅक विरुद्ध मार्क हेन्री आणि डीलो ब्राउन. चांगली लढत आहे, थोडी लांबलेली. केन-एक्स-पॅक यांनी पट्टा राखला. हाच पट्टा त्यांनी काही आठवड्यांपूर्वी ओवेन हार्ट आणि जेफ जॅरेट या जोडीकडून जिंकला होता. ओवेनची त्या वर्षातली चांगली कुस्ती जॅरेटच्या जोडीनेच झाली. रिंगबाहेरही दोघे घट्ट मित्र होते.

मग अल स्नो विरुद्ध हार्डकोर हॉली. हार्डकोर म्हणजे नियम नाहीत, हाताला येईल ते डोक्यात घालायचं. स्नो जिंकला. त्या काळी हा प्रकार फार चालायचा. आज पाहताना एकच गोष्ट जाणवते: वेळ सरतेय आणि पुढची लढत तिसरी आहे.

साडेसातनंतर

तिसरी लढत इंटरकाँटिनेंटल पट्ट्यासाठी, पट्टाधारक गॉडफादर विरुद्ध ब्लू ब्लेझर. सभागृहातले दिवे मालवले. पडद्यावर ब्लेझरची आधी चित्रित केलेली मुलाखत लागली. घरी बसलेले लोक ती पाहत होते. रिंगमध्ये पंच जिमी कॉर्डेरस उभे होते. वर अंधारात ओवेन निळा मुखवटा आणि पिसांचा झगा घालून लटकत होता. झगा आणि अंगावरचा पट्टा सावरताना त्याची हालचाल झाली आणि आकडा वेळेआधी सुटला, असं मार्थाला वाटतं.

तो ७८ फुटांवरून खाली आला. कोपऱ्यापासून फूटभर अंतरावर वरच्या दोरावर छातीने आदळला आणि रिंगमध्ये फेकला गेला. जवळच्या काही प्रेक्षकांना वाटलं, बाहुला टाकलाय. त्यांनी तरी काय समजावं? वर्षानुवर्षं याच रिंगमध्ये शवपेट्या आल्या होत्या, माणसं 'मेली' होती आणि पुढच्या आठवड्यात परत आली होती. आपल्याकडेही अंडरटेकर नावाचा मल्ल मरून परत येतो यावर शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलं हमरीतुमरीवर यायची.

कॅमेरे रिंगवरून हटवले आणि प्रेक्षकांकडे वळवले. समालोचक जेरी लॉलर उठून रिंगकडे धावला. जिम रॉस जागेवर बसून राहिला आणि घरच्या प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा सांगत राहिला की हा कार्यक्रमाचा भाग नाही, हे कथानक नाही, ओवेन खरोखर गंभीर जखमी आहे. कुस्तीचं समालोचन म्हणजे खोट्याला खऱ्यासारखं सांगणं. त्या रात्री रॉसला खरं खऱ्यासारखं सांगायचं होतं आणि लोकांनी विश्वास ठेवावा यासाठी झगडावं लागत होतं. त्याचा आवाज ऐकावत नाही.

डॉक्टरांनी रिंगमध्येच शर्थ केली. मग स्ट्रेचरवरून ओवेनला ट्रुमन मेडिकल सेंटरकडे नेलं.

आठच्या आसपास

रिंगच्या कापडावर रक्ताचा डाग होता, हे मल्लांनी पुढे सांगितलं. त्या कापडावर पुढची लढत लागली. त्या लढतीत होते जेफ जॅरेट आणि त्याची साथीदार डेब्रा. आधीच्या छोट्या मुलाखतीत डेब्राला रडू आवरत नव्हतं. जॅरेटला नुकताच आपला मित्र स्ट्रेचरवरून जाताना दिसला होता. पडद्यामागून त्याला ढकलल्यासारखं पुढे केलं गेलं आणि तो गेला. लढत काही मिनिटांची, ते दोघे व्हॅल व्हीनिस आणि निकोल बास यांच्याकडून हरले. या लढतीला गुण देणारा समीक्षक मला भेटला तर मी त्याला थांबवीन.

साडेआठनंतर

बिली गनने रोड डॉगला हरवलं. मग मॅनकाइंड, बिग शो, केन शॅमरॉक आणि टेस्ट यांच्या चमूची लढत झाली आणि ती त्यांनी जिंकली. सगळे जण जणू झोपेत चालताहेत.

ओवेन पडल्यावर तासाभराने जिम रॉसने घरच्या प्रेक्षकांना सांगितलं की ओवेन हार्ट गेला. छातीवरच्या आघाताने आत रक्तस्राव झाला होता. वय ३४, वाढदिवस होऊन सोळा दिवस झाले होते. सभागृहातल्या हजारो लोकांना मात्र हे सांगितलं गेलं नाही. ते पुढच्या लढतीची वाट पाहत होते.

कॅल्गरीत मार्थाला फोन गेला होता. ब्रेट एका टीव्ही कार्यक्रमासाठी लॉस एंजेलिसच्या विमानात होता. बातमी त्याला वाटेतच कळली.

शेवटचा तास

रॉक विरुद्ध ट्रिपल एच. मग जगज्जेतेपदासाठी ऑस्टिन विरुद्ध अंडरटेकर. अंडरटेकर जिंकला. ज्या ऑस्टिनची मान ओवेनच्या डावात दुखावली होती, तोच ओवेनच्या मृत्यूनंतर त्याच रिंगमध्ये शेवटची लढत खेळला. मल्लांना मी दोष देत नाही. त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. कार्यक्रम थांबवायला हवा होता आणि ते एकाच माणसाच्या हातात होतं, मालक विन्स मॅकमॅहनच्या. प्रेक्षक चिडतील, गोंधळ उडेल ही सबब मी बरीच ऐकली आहे. दिवे लावून खरं सांगितलं असतं तर सोळा हजार माणसं मुकाट्याने उठून गेली असती, याबद्दल मला शंका नाही.

नंतर

दुसऱ्या दिवशी सेंट लुईत 'रॉ' हा साप्ताहिक कार्यक्रम ओवेनच्या नावाने झाला. कथानकं बाजूला ठेवली, दहा वेळा घंटा वाजवली, मल्ल कॅमेऱ्यासमोर रडले. कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी तपास केला, फौजदारी खटला कोणावर झाला नाही. मार्थाने दिवाणी दावा लावला. २००० साली सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि त्या पैशातून तिने ओवेनच्या नावाने धर्मादाय संस्था काढली. हा कार्यक्रम कंपनीने अनेक वर्षं कॅसेट किंवा डीव्हीडीवर आणला नाही. २०१४ मध्ये कंपनीच्या इंटरनेट वाहिनीवर आला तो काटछाट करून.

तो शोधत बसू नका. ओवेनची एकच लढत पाहणार असाल तर २० मार्च १९९४ ची पाहा, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली 'रेसलमेनिया १०'ची पहिली लढत. धाकटा भाऊ मुखवट्याशिवाय थोरल्या भावासमोर उभा आहे. वीस मिनिटं दोघे एकमेकांना डाव-प्रतिडावांत तोडीस तोड उत्तर देतात. शेवटी ब्रेट त्याच्या खांद्यावर चढून गुंडाळी घालायला जातो, ओवेन तिथेच खाली बसतो आणि त्याला चितपट करतो. तिला मी पूर्ण पाच तारे देतो.