गोव्याची लेक, पाटणची राणी



कार्तिकी पौर्णिमा झाली की गोव्याला जायचं असं धाकट्या मुलाने जाहीर केलं आणि घरात दोन तट पडले. त्याला राहायचं आहे बाणावलीला. मडगावजवळचं गाव, लांबच लांब किनारा, माडांची सावली. "पाच दिवस काही करायचं नाही आई, नुसतं बसायचं." नुसतं बसायला नेरमध्ये आपला ओटा काय वाईट आहे, असं मी म्हणून पाहिलं. पण थोरल्या जाऊबाईंनी खरा प्रश्न विचारला, "गोव्यात आपलं काय आहे गं? पालिताणा नाही, शिखरजी नाही. मासळीचा वास घ्यायला एवढ्या लांब जायचं?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून शोधायला बसले आणि हाती लागली एक राणी.

अकराव्या शतकात गोव्यावर कदंबांचं राज्य होतं. आजचं चांदर, म्हणजे तेव्हाचं चंद्रपूर, ही त्यांची आधीची राजधानी. पुढे ती जुवारी नदीच्या मुखाजवळ गोपकपट्टण बंदरात गेली. त्या घराण्यातला पहिला जयकेशी हा मोठा राजा. त्याची मुलगी मयणल्लादेवी. गुजरातेत हिलाच मीनळदेवी म्हणतात. पाटणच्या कर्णदेव सोळंकीची ती राणी आणि सिद्धराज जयसिंहाची आई.

सिद्धराज म्हटलं की आपल्याला हेमचंद्राचार्य आठवतात. त्याच्या सांगण्यावरून आचार्यांनी व्याकरण रचलं, 'सिद्धहेम' असं दोघांचंही नाव त्याला दिलं आणि राजाने तो ग्रंथ हत्तीवरून मिरवला. ते चित्र किती उपाश्रयांतून पाहिलंय आपण! त्या राजाची आई गोव्याची होती, हे मला साठी उलटली तरी माहीत नव्हतं.

गोवा कुठे, पाटण कुठे! पण आपण नकाशा रस्त्याने मोजतो, ते लोक समुद्राने मोजत. जयकेशीच्याच घराण्यातला एक राजा जहाजाने सोमनाथाच्या यात्रेला निघाला होता. वाटेत डोलकाठी मोडली आणि गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला. तिथे एका अरब व्यापाऱ्याने त्याला मदत केली. ती आठवण ठेवून पुढे जयकेशीने त्या व्यापाऱ्याच्या वंशजाला अधिकार दिले, असा ताम्रपट आहे. गुजरातचा किनारा त्यांना परका नव्हता.

लग्नाची गोष्ट दोन आचार्य दोन तऱ्हांनी सांगतात. हेमचंद्राचार्य 'द्व्याश्रय' काव्यात लिहितात की एका चित्रकाराने राजकन्येचं चित्र दाखवलं आणि कर्णदेव मोहून गेला. मेरुतुंगाचार्यांनी सुमारे १३०५ साली 'प्रबंधचिंतामणि' लिहिला. त्यात मुलगी पाटणला येऊन पोचते, कर्णदेव तिला पाहतो आणि रूप आवडलं नाही म्हणून लग्नाला नकार देतो. ती आपल्या आठ सख्यांसह चिता पेटवायला निघते. तेव्हा राजाची आई उदयमती मध्ये पडते. ही मुलगी मेली तर मीही मरेन, असं ती मुलाला बजावते. मग लग्न होतं, पण राजा पुढे तिच्याकडे वळूनही बघत नाही. मुंजाल मंत्र्याने नंतर युक्ती करून दोघांना एकत्र आणलं, ती युक्ती इथे सांगत नाही.

यातलं खरं कोणतं? हेमचंद्राचार्य त्याच दरबारातले, सिद्धराजाच्या आईबद्दल लिहिताना ते गोडच लिहिणार. मेरुतुंगाचार्य दोनशे वर्षांनंतरचे, त्यांच्यापर्यंत गोष्ट रंगत रंगत आलेली. तरी माझं मन दुसऱ्या गोष्टीकडे झुकतं. मला बघायला आले होते तेव्हा "रंग जरा कमी आहे" असं कुणीतरी माझ्या देखत म्हटलं होतं. "मुलगी मला पसंत आहे," एवढंच बोलून सासूबाईंनी विषय संपवला. आजही आपल्या वधूवर मेळाव्यात फोटो आधी फिरतो, मग बाकीची चौकशी.

उदयमतीचं काम आपल्या सगळ्यांच्या पर्समध्ये असतं. शंभराच्या जांभळ्या नोटेच्या मागे जी राणीची वाव आहे, ती याच सासूबाईंनी नवऱ्याच्या, भीमदेवाच्या स्मरणार्थ पाटणला बांधवली.

कर्णदेव गेला तेव्हा सिद्धराज लहान होता. राज्य आईने सांभाळलं. मेरुतुंगाचार्य सांगतात, तिला जातिस्मरण होतं. मागल्या जन्मी ती सोमनाथाला निघालेली एक गरीब ब्राह्मणी होती, पण बाहुलोड गावच्या नाक्यावर यात्राकर भरायला पैसे नव्हते म्हणून तिला परत फिरवलं. हा कर सुटावा, अशी इच्छा धरून ती मेली. या जन्मी राजमाता होऊन त्याच नाक्याशी आली, रडत परतणारे यात्रेकरू पाहिले आणि तीही माघारी फिरली. सिद्धराजाने कारण विचारलं, उत्पन्नाचा कागद मागवला. आकडा होता बहात्तर लाख. त्याने तो कागद फाडला आणि कर सोडल्याचं पाणी आईच्या हातावर सोडलं.

मी बी.कॉम. झालेली, माझी नजर आधी आकड्यावर जाते. बहात्तर लाख कदाचित कथेतले असतील. पण कर गोळा करणारं नाकं, हिशेबाचा कागद, तो आईच्या शब्दावर फाडणं, हे सगळं लिहून ठेवावंसं एका जैन आचार्यांना वाटलं, तेही एका शिवभक्त राणीसाठी. मीनळदेवी जैन नव्हती हे स्पष्ट सांगायला हवं. कदंबही शिवाचे, सप्तकोटेश्वराचे भक्त. धोळक्याचं मलाव तळंही तिचंच म्हणतात. काठावर एका गणिकेचं घर आडवं येत होतं, ती विकेना. राणीने जबरदस्ती केली नाही, तळ्याचा आकार बिघडू दिला. न्याय बघायचा तर मलाव बघा, असं गुजरातेत म्हणतात.

तर आता बेत असा. नागपूरहून मडगावला जाणारी गाडी बडनेऱ्याला पकडायची. मुक्काम बाणावलीलाच, मुलाचं मन मोडायचं नाही. एक सकाळ चांदरला. तिथे १९२९ साली फादर हेरास यांनी खोदून काढलेला शिवमंदिराचा पाया आहे आणि डोकं नसलेला नंदी. एक दिवस फोंड्याकडे बांदिवड्याला, जिथे नेमिनाथ भगवानांच्या जुन्या बस्तीच्या भिंती उभ्या आहेत. मूर्ती नाही, छप्पर नाही, पण नवकार म्हणायला कुठे छप्पर लागतं?

जाऊबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. "बरं," म्हणाल्या, "माझंही तिकीट काढ. पण जेवणाचं काय?" खाखरे, मेथीच्या पुऱ्या, मुगाची डाळ नि छोटा कुकर बरोबर घेऊ. पाणी खोलीवर उकळून घ्यायचं. राहिला चौविहार. तिथे लोक सूर्यास्त बघायला किनाऱ्यावर जमतात आणि मग जेवायला बसतात. आमचं ताट त्याच्या आधी आवरलेलं हवं, म्हणजे साडेपाचच्या आत. मग सूर्य बुडेपर्यंत काही करायचं नाही, नुसतं बसायचं. मुलाला हे सांगितलं तर तो हसत सुटला.