तळटीप : आधी पांढरी, मग तांबडी

१. ‘आधी पांढरी, मग तांबडी’ : नाशिक-दिंडोरीच्या वाइन चाखताना लेखकाने पाळलेला हा क्रम सामान्यतः रूढ आहे. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस आधी वेगळा काढतात. तांबडीचा रस सालींसकट आंबवतात. सालींतून रंग उतरतो, तसे टॅनिनही. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते आणि सुपारी चघळल्यासारखी जीभ आखडते. त्यानंतर शेनाँ ब्लाँसारख्या पांढऱ्या वाइनचा नाजूक फळगंध नीट कळत नाही.

परीक्षक ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून आधी रंग पाहतात. वयानुसार पांढरी सोनेरी होत जाते, तांबडीची कड विटकरी. मग ग्लास फिरवून वास घेतात : पांढऱ्या सोव्हिन्याँ ब्लाँला अनेकदा ढोबळ्या मिरचीचा, तांबड्या शिराझला काळ्या मिरीचा. घोट तोंडभर घोळवून थुंकतात, म्हणजे शेवटच्या ग्लासापर्यंत निर्णय शाबूत राहतो.

नाशिकच्या वाइनमध्ये आंबटपणा आवर्जून तपासावा. उष्ण हवेत द्राक्षातले मॅलिक आम्ल झपाट्याने घटते. म्हणूनच इथले बागायतदार सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतात. घड हिवाळ्यातल्या गार रात्रींत वाढतात आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. घोटानंतर तोंडाला पाणी सुटले, तर आम्ल टिकले असे समजावे. मात्र तांबडी खोलीच्या उकाड्यात ठेवू नये, १६ ते १८ अंशांवर द्यावी. त्याहून गरम झाल्यास अल्कोहोलच नाकात भरते आणि चांगल्या वाइनवर अन्याय होतो. — संपा.