उष्णतेचा वळसा

पदार्थातून उष्णता वाहते ती तापमानाच्या उताराने, गरम भागाकडून थंड भागाकडे. हा प्रवाह उताराच्या आणि वाहकतेच्या प्रमाणात असतो, हे जोझेफ फूरिये याने १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गणिताने मांडले. उष्णता किती वाहील हे त्यावरून काढता येऊ लागले. तिला हव्या त्या वाटेने न्यायची कल्पना मात्र बऱ्याच उशिरा आली, आणि तीही प्रकाशशास्त्रातून.

२००६ मध्ये जॉन पेंड्री, डेव्हिड शुरिग आणि डेव्हिड स्मिथ यांनी दाखवले, की अवकाश ताणून मध्ये पोकळी केली असे मानले तरी विद्युतचुंबकीय समीकरणांचे रूप तेच राहते. बदलतात ते पदार्थाचे गुणधर्म. ते गुणधर्म कवचात आणले, तर लहरी पोकळीला वळसा घालून पलीकडे पूर्ववत होतात. शांघायच्या फुदान विद्यापीठातील हुआंग जिपिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही रीत स्थिर उष्णतावहनाला लावली. २०१२ मध्ये मार्सेयच्या सेबास्तियाँ गेनो आणि सहकाऱ्यांनी ती काळाबरोबर बदलणाऱ्या तापमानापर्यंत नेली.

नुसत्या उष्णतारोधक कवचाने हे काम होत नाही. त्यामुळे आत उष्णता कमी शिरते, पण बाहेरच्या समतापी रेषा वाकतात आणि अडथळा लपत नाही. त्या सरळ राहायच्या तर कवचाची वाहकता परिघाच्या दिशेने जास्त आणि केंद्राच्या दिशेने कमी हवी. सुवाहक आणि दुर्वाहक पदार्थांचे पातळ थर आलटून पालटून बसवले की हे साधते: उष्णता थरांच्या लांबीने सहज धावते, आडवी जाताना प्रत्येक दुर्वाहक थरापाशी अडते. हार्वर्डमध्ये सुप्रदीप नारायण आणि युकी सातो यांनी २०१२ मध्ये असे थर रचून वळसा प्रत्यक्ष दाखवला. पुढच्या वर्षी कार्ल्सरुहेच्या मार्टिन वेगेनर यांच्या गटाने तांब्याच्या पत्र्यात वर्तुळाकार ओळींनी भोके पाडून त्यांत सिलिकोन रबर भरले आणि तापत जाणाऱ्या पत्र्यावरही कवच चालते हे अवरक्त कॅमेऱ्याने टिपले.

प्रकाशापेक्षा उष्णतेचे काम सोपे ठरले, हा या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग. प्रकाशाच्या कवचाला वेगाच्या मर्यादेमुळे अरुंद लहरपट्ट्यातच राहावे लागते. उष्णतेच्या विसरणाला ती अडचण नाही. शिवाय तांब्याची वाहकता त्या रबराच्या दोन हजारपटींहून अधिक आहे, त्यामुळे लागणारा फरक नेहमीच्या पदार्थांतूनच मिळतो. २०१४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी रचना दोन थरांवर आणली: आत उष्णतारोधक, बाहेर परिसरापेक्षा जास्त वाहक. बाहेरचा थर जितका सुवाहक, तितका तो पातळ चालतो.

असे कवच आतला भाग कायम थंड ठेवत नाही. आत तापमानाचा उतार राहत नाही, पण वेळ गेला की तो भागही हळूहळू तापतो. तो थंडच ठेवायचा असेल तर उष्णता बाहेर काढायची निराळी सोय लागते. टोयोटाच्या अमेरिकेतील संशोधन संस्थेने हे तत्त्व मुद्रित सर्किट बोर्डांवर आणले. तिथे तांब्याच्या रेषांची मांडणीच अशी करतात, की तापणाऱ्या घटकांची उष्णता नाजूक घटकांना टाळून जाते.