हौदाची कुळकथा

लातूर-नांदेडची बरीचशी जमीन काळी. कापसाला, तुरीला, सोयाबीनला मानवणारी. कुस्तीला मात्र ती मुळीच चालत नाही. भिजली की चिकटते, वाळली की ढेकळं होतात, भेगा पडतात. तिच्यावर कुणाला चितपट करायचं म्हणजे पाठ सोलून काढायची. म्हणून तालमीसाठी तांबडी माती बाहेरून आणायची, बारीक चाळायची, त्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस, कापूर, काव मिसळायची. काळ्या रानात असा लाल हौद हातानं घडवावा लागतो.

पहाटे तालमीत गेलं तर आधी ऐकू येतं ते फावडं. पोरं हौद उकरत असतात. रात्रभर बसलेली माती खालीवर होते, तिचा गारवा तळपायाला लागतो, कापराचा वास उठतो. या उकरण्यातच खांदे तयार होतात. मग मारुतीला नमस्कार, मूठभर माती अंगाला आणि शड्डू. घामानं अंग निसटू लागलं की पकड देते ती हीच माती.

हौदाभोवतीचे शब्द पाहावेत. आखाडा हा संस्कृतातल्या अक्षवाटाचा वंशज. तालीम अरबी, म्हणजे शिकवण. हौदही अरबी, मुळात पाण्याचा. वस्ताद आणि पैलवान फारसीतले. मारुतीच्या पायाशी हे सगळे शब्द एकत्र नांदतात आणि कुणालाच परके वाटत नाहीत. मला या शब्दांचा फार अभिमान वाटतो.

आपल्याकडे खेळांवर लिहिणारा एक राजा होऊन गेला, आणि तोही लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यापासून फार लांब नाही. कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची वय-ताकदीनुसार प्रतवारी, त्यांचा खुराक, वजन उचलणं, पोहणं, खांबावरची मेहनत, सगळं त्यात येतं. त्या खांबावरच्या मेहनतीत अनेकजण मल्लखांबाचं मूळ शोधतात. पैलवानाचा खुराक राजानं सांभाळावा, ही रीतही तिथंच दिसते.

त्याच टापूतलं, निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड हे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार यांचं गाव. 1969ची महाराष्ट्र केसरी लातुरात भरली आणि गदा बिराजदारांनी मारली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा व्हायला 1982 उजाडावं लागलं. त्या गदेच्या पुढच्याच वर्षी, 1970 साली, एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बिराजदारांनी सुवर्णपदक मिळवलं, तेही गादीवर. गादीला ना वास, ना गारवा. मातीत वाढलेल्या माणसाला तिथं पाय रोवायला नव्यानं शिकावं लागतं. पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. पैलवान काका पवार त्यांतलेच, तेही लातूरकडचे.

तिकडे नांदेडच्या लोहा तालुक्यात मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, लावणीचे फड, आणि कुस्त्यांची दंगल. जोड लागली की दोघं वाकतात, चिमूटभर माती उचलतात, एकमेकांच्या हातावर ठेवतात, आणि मगच भिडतात.