सोंगाड्या : फडावरून पडद्यावर

श्रोते हो, आपल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, तो आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. रात्रीच्या वेळी संबळ-सनई वाजते, मशालीच्या उजेडात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घातलेली माणसे नाचत नाचत येतात. आपण म्हणतो, ‘सोंग आलं.’ या ‘सोंग’ शब्दापासूनच ‘सोंगाड्या’ हा शब्द झाला. पण दोघांत एक फरक आहे, बरं का. बोहाड्यातील माणूस मुखवटा चढवला की देव होतो. लोक त्याला हात जोडतात. तमाशातील सोंगाड्या मुखवटा घालीत नाही. तो आपल्यासारखाच, आपल्यातलाच दिसतो, आणि म्हणून राजाला, प्रधानाला, सावकाराला तोंडावर बोलू शकतो. या सोंगाड्याचा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहे, आणि तोही मुख्यत्वे एका माणसाच्या आयुष्यातून. त्या माणसाचे नाव दादा कोंडके.

तमाशात आधी गण होतो, मग गवळण, मग बतावणी, लावणी आणि शेवटी वग. गवळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या आणि ती मावशी यांची जी थट्टामस्करी चालते, तिथून सोंगाड्याचे राज्य सुरू होते. त्याचे संवाद कागदावर लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा ठरलेला, बाकी सारे त्या रात्री, त्या गावात, समोर बसलेल्या माणसांकडे पाहून सुचायचे. ‘गाढवाचं लग्न’ या वगातील सावळ्या कुंभार रंगवणारे दादू इंदुरीकर हे या विद्येतील मोठे नाव. शाळा कोणती म्हणाल, तर फड हीच शाळा. समोरचा माणूस हसला नाही तर परीक्षेत नापास, आणि तो निकाल तिथल्या तिथे लागायचा.

अशी शाळा केवळ आपल्याकडेच होती असे नाही. अमेरिकेत गाणी, नकला, कसरती, जादूचे खेळ एकाच रात्री दाखवणाऱ्या ‘व्हॉडव्हिल’ नावाच्या रंगमंचाची मोठी चलती होती. नट मंडळी आगगाडीने गावोगाव फिरत. मिल्टन बर्ल हा १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला विनोदी नट लहानपणीच या रंगमंचावर उभा राहिला, आणि १९४८ साली तेथील टेलिव्हिजनवर आला. मंगळवारी रात्री त्याचा कार्यक्रम असे. लोक त्याला ‘मिस्टर टेलिव्हिजन’ म्हणू लागले. पण १९५६ पर्यंत तो कार्यक्रम संपलासुद्धा! याचे एक कारण सरळ आहे. गावोगाव फिरणाऱ्या नटाला एकच नक्कल वर्षानुवर्षे पुरते, कारण रोज गाव नवे असते. टेलिव्हिजनवर सारा देश एकाच रात्री ती नक्कल पाहतो. मग पुढच्या आठवड्यात काय करायचे? आपल्या सोंगाड्यापुढेही पुढे हीच अडचण उभी राहिली.

दादांचे मूळ नाव कृष्णा खंडेराव कोंडके. जन्म ८ ऑगस्ट १९३२, मुंबईतील नायगावचा. घराणे भोरकडचे, गिरणीकामासाठी मुंबईत आलेले. गिरणगावातील चाळ म्हणजे खेडेच, फक्त वर मजले चढवलेले. कोकणी, घाटी, देशावरची माणसे एका नळावर पाणी भरत, आणि गणपतीत भजन, नमन, तमाशा सारे एकाच मांडवाखाली ऐकत. मुलाचा कान तिथे तयार झाला. तरुणपणी ते बँडपथकात वाजवीत, म्हणून ‘बँडवाले दादा’ हे नाव पडले. काही दिवस अपना बाजारात नोकरी केली. ऐन तारुण्यात जवळची बरीच माणसे थोड्या काळात गेली. हसवायला निघालेल्या माणसाच्या मागे असे दुःख असते खरे, पण ते त्यांनी प्रेक्षकापुढे मांडून कधी टाळी घेतली नाही.

पुढे ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात गेले. या कलापथकाचे महत्त्व शिक्षक बंधुभगिनींनी विशेष लक्षात घ्यावे. स्वातंत्र्यानंतर पांढरपेशा समाज तमाशाकडे नाक मुरडून पाहत होता; सरकारनेही त्यावर एकदा बंदी घातली आणि मग अटी घालून ती उठवली. अशा वेळी सेवा दलाने तमाशाचा साचा उचलला आणि त्यात समाजशिक्षणाचा, समतेचा मजकूर भरला. निळू फुले, राम नगरकर हीदेखील याच मुशीतील माणसे. तमाशाला यातून ‘लोकनाट्य’ हे नवे नाव मिळाले आणि बायकामुलांसह घरची माणसे ते पाहायला येऊ लागली.

नंतर दादांनी आपली स्वतंत्र पार्टी काढली आणि वसंत सबनीस यांनी लिहिलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आणले. गोष्ट साधी आहे. राज्याचा कोतवाल मरतो. ती जागा मिळायला हवी हवालदाराला, पण ती मिळते प्रधानाच्या मेव्हण्याला. मग हवालदार मैनावतीच्या मदतीने या नव्या कोतवालाला असा काही गोत्यात आणतो की तो राजाचा छपरी पलंग चोरायला निघतो! आता सांगा, लायक माणूस मागे आणि साहेबाचा मेव्हणा पुढे, ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागेल? हवालदार होते दादा. या वगाचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. सबनिसांची संहिता पक्की होती, पण दादा तिच्यात रोजच्या वर्तमानपत्रातील घडामोडी घुसवीत. सकाळी कुणी मंत्री काही बोलला की रात्री त्याचे उत्तर हवालदाराच्या तोंडी. म्हणून लोक हाच वग पुन्हा पुन्हा पाहत. कालचा प्रयोग आज नसे. बर्लला जे जमले नाही ते दादांना इथे जमले, कारण त्यांच्यापुढे रोज नवे गाव होते आणि हाती रोज नवी बातमी होती.

आशा भोसले यांनी हा वग पाहिला आणि भालजी पेंढारकरांकडे दादांचे नाव सुचवले. भालजींच्या ‘तांबडी माती’तून १९६९ साली दादा प्रथम पडद्यावर दिसले. (त्याच वर्षी आपल्या तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसरकडच्या लोकांना साल लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून सांगितले, इतकेच.) मग १९७१ साली दादांनी स्वतः चित्रपट काढला, आणि त्याचे नावच ‘सोंगाड्या’. लेखन सबनिसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशा पाहायला जातो, आई त्याला घराबाहेर काढते, आणि तो तमाशातच सोंगाड्या होतो. ढगळ अर्धी विजार, लोंबणारी नाडी, तोंडावर निरागस भाव. कलावती झाल्या उषा चव्हाण, आई झाल्या रत्नमाला.

या चित्रपटाला दादरमध्ये ठरलेले कोहिनूर थिएटर मिळेना. तिथे देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लागणार असे दिसले. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर गेले, आणि ‘सोंगाड्या’ लागला. दांडगाईने प्रश्न सोडवावेत असे मी वर्गात कधी सांगणार नाही. परंतु मुंबईत मराठी चित्रपटाला मुंबईतच जागा मिळत नव्हती, हीदेखील इतिहासातील नोंद आहे आणि ती पुसता येत नाही.

पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ अशी रांगच लागली. ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि गिनेस बुकात नोंद झाली. चमू बहुधा तोच असे : नायिका उषा चव्हाण, गळा महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांचा, संगीत आधी राम कदम आणि मग राम-लक्ष्मण. फडमालकाने फड सांभाळावा तसा त्यांनी हा चमू सांभाळला.

राहिला प्रश्न द्व्यर्थी बोलण्याचा. तो टाळून दादांवर बोलता येणार नाही. सोंगाड्याचे ते जुनेच हत्यार आहे. बोलणारा भोळा, अर्थ काढणारा ऐकणारा. मग सेन्सॉरने कापायचे तरी काय? माझे मत असे, की सुरुवातीच्या चित्रपटांत या थट्टेला आईचा धाक, गरिबी, गाव यांचा भक्कम पाया होता. नंतरच्या चित्रपटांत, विशेषतः १९८४ नंतरच्या हिंदी चित्रपटांत, पाया निसटला आणि नुसते शब्दांचे खेळ उरले. आणखी एक गोष्ट गेली, तिची चर्चा मात्र कमी होते. ‘विच्छा’मधला हवालदार आजच्या मंत्र्याला आज उत्तर देत होता. फितीवर एकदा छापलेले बोल वर्षभर गावोगाव तसेच वाजणार. त्यात आजची बातमी कुठून येणार? सोंगाड्याचा दात पडद्याने काढून घेतला, आणि मग चावट जीभ तेवढी राहिली. सगळा दोष एकट्या दादांच्या माथी मारणे मला पटत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तिथेही फडावरची माणसे पोहोचली. शाहीर साबळे यांच्या ‘यमराज्यात एक रात्र’सारख्या मुक्तनाट्यांतून तयार झालेले राजा मयेकर ‘गप्पागोष्टी’ या कार्यक्रमातून घराघरांत ओळखीचे झाले. त्यांनी वेगळी वाट धरली. भपका नाही, नुसते गावच्या पारावर बसल्यासारखे बोलणे. गप्पांना शिळेपण चटकन येत नाही, म्हणून ती पद्धत टिकली. मयेकर २०२० साली, नव्वदीच्या घरात, वारले.

दादा त्यांच्या कितीतरी आधी गेले, १४ मार्च १९९८ रोजी. आपली हकीकत त्यांनी अनिता पाध्ये यांना सांगून ठेवली होती; ती ‘एकटा जीव’ या नावाने पुस्तकरूपाने आहे. शाळेच्या ग्रंथालयात ती ठेवावी की नाही, यावर शिक्षकांत वाद होईल. होऊ द्या. सबनिसांचा ‘विच्छा’ मात्र स्नेहसंमेलनात करून पाहायला हरकत नाही. हवालदाराच्या तोंडी आपल्याच पंचक्रोशीतील चार बातम्या घालायला मुलांना सांगा, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.