तंजावरचे दोन शिलालेख

संसाराचा भार मुलांच्या हवालीं करून वृद्ध दांपत्यानें काशी-रामेश्वराच्या यात्रेस निघावें, ही आपल्या समाजांतील जुनी वहिवाट होय. काशीची गंगा रामेश्वरास न्यावयाची आणि सेतूची वाळू प्रयागच्या संगमांत सोडावयाची, एवढ्या एका संकल्पाच्या बळावर मागच्या पिढ्यांनीं हा सारा देश पायांखालीं घातला. आतां तो काळ राहिला नाहीं. सेवानिवृत्तीचा दिवस उजाडला कीं आगगाडीचीं तिकिटें काढावयाचीं, लेकीकडे किंवा पुतण्याकडे चार दिवस मुक्काम करावयाचा, आणि देवळें, किल्ले व राजवाडे पाहून परतावयाचें, असा नवा परिपाठ पडला आहे. कित्येकांस ही यात्रेची अवनति वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं. पूर्वींचा यात्रेकरू पुण्य जोडीत असे, आजचा प्रवासी ज्ञान जोडूं शकतो, आणि ज्ञान हें कांहीं हलकें पुण्य नव्हे. मात्र ऐतिहासिक स्थळीं जाऊन नेमकें काय पहावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आणि मराठी मनुष्य तंजावरास गेला म्हणजे तर तो विशेषच अवघड होतो. इतर ठिकाणीं तो दुसऱ्यांचा इतिहास पाहतो. तंजावरांत तो आपला शोधूं लागतो.

हा विचार सुचण्यास एक निमित्त झालें. आमचे वडील बंधु व वहिनी हीं दोघेंही शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालवून नुकतींच सेवानिवृत्त झालीं. त्यांची कन्या तंजावरच्या एका देशस्थ मराठी घराण्यांत दिलेली आहे. नाताळच्या सुट्टींत उभयतां तिकडे निघालीं, तेव्हां इतिहासाचा अध्यापक सोबत असलेला बरा म्हणून त्यांनीं आम्हांसही गळ घातली. वहिनींस लेकीचा संसार डोळे भरून पहावयाचा होता. दादांची स्थिति मात्र निराळी होती. ज्यांच्या पावलांची चाहूल लागतांच वर्ग शांत होत, त्या मुख्याध्यापकांस आतां सकाळचे दहा वाजले कीं पुढें काय करावें तें सुचेनासें झालें होतें. खुर्ची गेल्यावर मनुष्याचें काय उरतें, हा प्रश्न ते बोलून दाखवीत नसत. पण तो त्यांच्या मनांत घोळत होता, हें आम्हांस दिसत होतें. तंजावरच्या इतिहासांत नेमका हाच प्रश्न एका राजापुढें उभा राहिला होता.

मराठे तिकडे कसे गेले, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १६७३ सालीं मदुरेच्या नायकानें तंजावरच्या नायकाचें राज्य बुडविलें. त्या घराण्यांतील वारसास गादी परत मिळवून देण्याकरितां विजापूरच्या दरबारानें शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांस पाठविलें. एकोजींनीं काम फत्ते केलें. पण १६७६ च्या सुमारास त्या गादीवर ते स्वतःच बसले. पुढच्याच वर्षीं कर्नाटकाच्या मोहिमेंत शिवाजीमहाराजांची व या सावत्र बंधूंची भेट झाली, आणि वडिलार्जित दौलतीच्या वांटणीवरून बेबनाव उत्पन्न झाला, तो वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारें १८० वर्षें, कावेरीकांठच्या त्या सुपीक मुलखांत भोसल्यांची गादी राहिली. मध्यंतरीं १७७३ ते १७७६ हीं तीन वर्षें अर्काटच्या नबाबानें ती हिरावून घेतली होती, तेवढा खंड सोडून द्यावा. पुण्याची पेशवाई १८१८ त संपली. तंजावरची गादी, नांवापुरती कां होईना, तिच्यामागें ३७ वर्षें टिकली.

तंजावरांत पाऊल टाकतांच दृष्टि वेधून घेतें तें बृहदीश्वराचें देऊळ मात्र मराठ्यांचें नव्हे; तें चोळ सम्राट पहिला राजराज याचें. १०१० सालीं तें पुरें झालें. त्याचें दगडी विमान दोनशें फुटांहून उंच आहे, आणि १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादींत त्याची गणना होते. पण त्या उंचीहून अधिक विलक्षण अशी वस्तु देवळाच्या पायथ्याशीं आहे. तेथें जोत्याच्या दगडांवर तामिळ अक्षरांच्या रांगा कोरल्या आहेत. राजानें आज्ञा केली कीं, आपण स्वतः दिलेलें, आपल्या वडील भगिनीनें दिलेलें, राण्यांनीं दिलेलें व इतरांनीं दिलेलें तें सर्व या विमानावर कोरून ठेवावें. त्याप्रमाणें सोन्याचीं भांडीं वजनानिशीं नोंदलीं आहेत. दिव्यांच्या तुपासाठीं किती मेंढ्या कोणाच्या स्वाधीन केल्या, तेंही लिहिलें आहे. देवाच्या सेवेसाठीं निरनिराळ्या गांवांहून आणिलेल्या चारशें नर्तिकांचीं नांवें तेथें आहेत, आणि कोणती कोणत्या आळींत, कितव्या घरांत राहते याचाही उल्लेख आहे. वादक, हिशेबनीस, परीट, न्हावी, शिंपी, कुंभार, कोणी वगळलेला नाहीं. राजाचा पराक्रम या लेखांत आहेच. परंतु लेखाचा मुख्य विषय दान हा आहे.

याच देवळाच्या प्राकारांत नैर्ऋत्येकडील भिंतीवर दुसरा मोठा लेख आहे, आणि तो मराठींत, देवनागरी लिपींत आहे. दुसरे सरफोजीराजे यांचे चिटणीस बाबूराव यांनीं रचिलेलें हें भोसले वंशाचें चरित्र शके १७२५ मध्यें, म्हणजे १८०३ च्या डिसेंबरांत, दगडावर उतरलें. एवढ्या विस्ताराचे कोरीव लेख जगांत थोडेच असतील. वाचकांनीं त्या सनाकडे मात्र नीट लक्ष द्यावें. १७९९ च्या ऑक्टोबरांत झालेल्या तहानें सरफोजींनीं राज्याचा सारा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केला होता. त्यांच्याकडे उरला तो किल्ला व त्याच्या भोंवतालचा लहानसा टापू, दरसाल एक लाख होनांची नेमणूक आणि मुलखाच्या निव्वळ उत्पन्नाचा पांचवा हिस्सा. इकडे १८०३ च्या सप्टेंबरांत असईच्या रणांगणावर शिंदे व नागपूरकर भोसले यांचा पराभव झाला. डिसेंबरांत गाविलगड पडला आणि देवगांवच्या तहावर नागपूरकरांनीं सही केली. महाराष्ट्राच्या बाजूस मराठ्यांची सत्ता कागदावर लिहून दिली जात होती, त्याच महिन्यांत कावेरीकांठीं तिची कथा दगडावर लिहून पुरी होत होती. सत्ता हातची गेली म्हणजे वंशावळीचा आधार मनुष्यास अधिक वाटूं लागतो, असें यावरून कोणी म्हणेल तर त्यास सर्वस्वीं खोटें ठरवितां येणार नाहीं.

आम्ही त्या भिंतीपाशीं गेलों तेव्हां दादांचा बारा वर्षांचा दौहित्र बरोबर होता. त्या घरांतील मुलांची मराठी ऐकतांना प्रथम कानास चमत्कारिक वाटते. तिचा हेल तामिळ, पुष्कळ शब्द तामिळ, आणि मध्येंच एखादा शब्द असा कीं आपल्याकडे तो जुन्या बखरींतच भेटावा. विहीणबाई वहिनींशीं याच मराठींत घटका घटका बोलत, आणि दोघींचें कोठेंही अडत नसे. मुलगा शाळेंत तामिळ व इंग्रजी शिकतो. मराठी बोलतो, पण वाचूं शकत नाहीं. दादा अक्षरें लावून वाचूं लागले, आणि तो निमूटपणें ऐकत राहिला. थोड्या वेळानें तो म्हणाला, “आजोबा, कोण कोणाचा मुलगा तें यांत पुष्कळ आहे. पण त्यांनीं इथें दिलें काय?” नुकतीच चोळांच्या लेखाची हकीकत ऐकलेल्या मुलास हा प्रश्न सुचावा, हें साहजिकच होतें. दादांनीं कौतुकानें त्याच्या डोक्यावर हात ठेविला. उत्तर मात्र दिलें नाहीं.

तें उत्तर त्या भिंतीपेक्षां गांवांत अधिक स्पष्ट सांपडतें. राजवाड्यांतील सरस्वती महाल ग्रंथालयच घ्या. राजग्रंथसंग्रहाचा आरंभ नायकांच्या काळीं झाला होता. पण त्यास आजचें वैभव आणिलें सरफोजींनीं. १८२० ते १८२२ या काळांत ते काशीयात्रेस गेले, आणि परततांना गंगेबरोबर हस्तलिखितेंही घेऊन आले. संस्कृत, तामिळ, तेलुगु आणि मराठी पोथ्यांबरोबर युरोपीय भाषांतील ग्रंथ त्यांनीं जमविले. आज तेथील मराठी हस्तलिखितेंच सुमारें तीन हजार भरतात. श्वार्ट्झ नामक जर्मन मिशनऱ्याच्या हाताखालीं या राजानें इंग्रजी विद्या घेतली होती. तिचा उपयोग त्यांनीं नुसत्या इतमामासाठीं केला नाहीं. देवनागरी टाइपांचा छापखाना वाड्यांत काढून १८०६ सालीं ‘बालबोधमुक्तावली’ या नांवानें इसापच्या गोष्टी मराठींत छापल्या. पुण्यामुंबईंत मराठी छापील पुस्तक दुर्मिळ होतें, तेव्हां तें तंजावरांत मुलांच्या हातीं पडत होतें. वैद्यकाकडेही त्यांचें लक्ष असे. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें काढून उपचारांसह ठेविलेलीं टिपणें अद्यापि तेथें आहेत.

परंतु आमच्या मतें सरफोजींचें खरें मोठेपण ग्रंथालयापेक्षांही रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांत दिसतें. तंजावरच्या राजघराण्यानें यात्रेकरूंसाठीं जागोजाग अन्नछत्रें बांधिलीं होतीं. कंपनीचा कारभार सुरू झाल्यावर तीं हातचीं जाणार असें दिसतांच राजांनीं १८०१ सालीं रेसिडेंटास पत्र लिहून तीं राखण्याबद्दल कळकळीची विनंति केली. राज्य गेल्याबद्दल आक्रोश त्या पत्रांत नाहीं; छत्रांत कोणाकोणास अन्न मिळतें, याचें वर्णन आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत कोणासही मज्जाव नाहीं. आजाऱ्यास औषध, तान्ह्या मुलास दूध, मुलांस शाळा. मध्यरात्रीं घंटा होई, आणि अजून कोणी उपाशी असेल तर त्यानें येऊन जेवावें असें पुकारण्यांत येई. लढाई न करतां किल्ले देणाऱ्या या राजानें हीं छत्रें मात्र लेखणीनें लढविलीं. आपल्या ज्या पूर्वजांनीं गंगेची कावड खांद्यावरून रामेश्वरास नेली, त्यांच्यापैकीं कित्येक त्या घंटेवरच जेवले असतील.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. हें दान आलें कोठून? तें साताऱ्याहून किंवा पुण्याहून आलें नाहीं. कावेरीच्या शेतांत चिखल तुडविणाऱ्या तामिळ शेतकऱ्याच्या भातांतून आलें. १७८१ त हैदरअल्लीच्या स्वारीनें तो मुलूख उजाड झाला, तेव्हां सर्वांत अधिक सोसलें तें त्या शेतकऱ्यानें. तेव्हां मराठ्यांनीं तंजावरास दिलें, असें म्हणतांना त्यांनीं तें तंजावरचेंच तंजावरास परत केलें, एवढें स्मरण ठेविलें पाहिजे. पण सर्वच राजे असें परत करीत नाहींत. आणि जें परत केलें तें नेमकें टिकलें, हा इतिहासाचा न्याय आहे.

जें टिकलें तेंही शुद्ध मराठी राहून टिकलें नाहीं. एकोजींचे पुत्र शहाजी यांनीं मराठी नाटकें रचिलीं. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ त सांगलीस ‘सीतास्वयंवर’ करण्यापूर्वीं दीडशें वर्षांची ही गोष्ट आहे. पण त्याच शहाजींनीं तेलुगूंतही नाटकें लिहिलीं, आणि १६९३ सालीं तिरुविशनल्लूर हें गांव विद्वानांस अग्रहार दिलें. रामदासी मठांबरोबर गेलेलें आमचें कीर्तन तेथें हरिकथा झालें. तंजावरच्या कृष्णभागवतरांनीं (१८४१–१९०३) त्यांत साकी, दिंडी, ओवी, अभंग ठेवून कर्नाटक संगीताचा साज चढविला. सरफोजींच्या दरबारीं वाढलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चौघां तामिळ बंधूंनीं नृत्याचा जो क्रम बसविला, त्यावरच आजचें भरतनाट्य उभें आहे. मराठी राजे तामिळ देशांत मिसळले म्हणून हें झालें; अलग राहते तर त्यांच्या नांवाची ती एक भिंत तेवढी राहिली असती.

१८५५ सालीं दुसरे शिवाजीराजे पुत्रसंतानावांचून वारले आणि कंपनीनें राज्यच नव्हे तर खासगी मालमत्ताही ताब्यांत घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई न्यायासनापुढें गेल्या. मद्रासच्या न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. पण १८५९ त विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलानें तो फिरविला. हें कृत्य न्याय्य असो वा अन्याय्य, तें राजसत्तेचें कृत्य असल्यामुळें त्याचा विचार न्यायासनास करतां येत नाहीं, असें ठरलें. वंशाचा हक्क येणेंप्रमाणें संपला. ग्रंथालय मात्र राहिलें. १९१८ सालीं तें सर्वांस खुलें झालें, आणि आजही कोणीही विद्यार्थी तेथें जाऊन पोथी मागूं शकतो.

सरफोजी सत्तेवरून उतरले तेव्हां अवघे बावीस वर्षांचे होते. पुढें सुमारें बत्तीस वर्षें ते जगले. त्या काळांतील त्यांचें वंशचरित्र वाचण्यास आज महाराष्ट्रांतून पाहुणा यावा लागतो. त्यांचें ग्रंथालय कोणाच्या येण्यावांचून अडलेलें नाहीं. चोळ राजाचा लेख व मराठी राजाचा लेख एकाच देवळाच्या आवारांत आहेत, आणि त्यांतील भेद भाषेचा नाहीं, वंशाचा नाहीं. कोणतें वाक्य आधीं लिहावें याचा आहे. आपण कोण होतों, हें एक वाक्य; आपण काय दिलें, हें दुसरें. अधिकार गेलेल्या राजास, आणि खुर्ची सोडलेल्या साध्या गृहस्थासही, पहिलें वाक्य लिहिण्याचा मोह फार होतो. आमच्या दादांनीं परत आल्यावर त्या दौहित्रास दर रविवारीं पत्र धाडण्याचा नेम धरिला आहे. पत्र मराठींत, ठळक देवनागरी अक्षरांत असतें, आणि मुलगा तें लावून वाचावयास शिकत आहे. तंजावरास जाणाऱ्या मराठी दांपत्यांनीं देऊळ पहावें, वाडा पहावा, तो मराठी लेखही अवश्य वाचावा. पण वारसाच्या ऐटींत न वाचतां पाहुण्याच्या नम्रतेनें वाचावा. म्हणजे त्या भिंतीवर जें लिहिलेलें नाहीं तेंही दिसूं लागेल.