गुटगुटीत कोकरूच का मरते?

१९७८ सालचा जून. पहिल्या पावसाने माळ हिरवा झाला होता. बारामतीजवळच्या एका वाड्यावरून बोलावणे आले. कळपातले सर्वांत गुटगुटीत कोकरू आडवे पडले होते. मान पाठीकडे ताणलेली, पाय हवेत झाडत होते, मधूनच अंगाला झटके. पिशवीत होती ती औषधे मी टोचली. तासाभरात ते गेले. म्हातारा मेंढपाळ म्हणाला, "डाक्टर, रोडकी जगली, आन् ह्येच कसं गेलं?"

हा रोग आंत्रविषाराचा. पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या अशाच अचानक मरत. तिथले पशुवैद्य हॅरॉल्ड बेनेट्स यांनी १९३२ साली त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. क्लॉस्ट्रिडियम जातीचा हा जंतू निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोडाफार असतो. दूध, धान्य किंवा कोवळा चारा एकदम भरपूर पोटात गेला, की न पचलेल्या अन्नावर तो फोफावतो आणि एप्सिलॉन नावाचे विष तयार करतो. ते रक्तातून मेंदूत पोहोचते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, मेंदूला सूज येते. म्हणून जो जास्त खातो तोच आधी जातो!

मग उपचार काय? बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली बर्लिनमध्ये धनुर्वात व घटसर्पावर प्रतिविष शोधले. त्याच मार्गाने आंत्रविषारावरही रक्तजल तयार झाले. पण ते रक्तात फिरणारे विष निकामी करते. मेंदूला झालेली इजा भरून काढत नाही. झटके सुरू झाल्यावर ते बहुधा व्यर्थच ठरते. खरा उपयोग अजून उभ्या असलेल्या कोकरांना.

फ्रान्सच्या गास्तों रामों यांनी १९२०च्या दशकात फॉर्मॅलिनने विष निष्प्रभ करून लस बनवण्याची रीत रूढ केली आणि या रोगालाही लस मिळाली. गाभण मेंढीला ती टोचली, तर चिकातून पिलाला संरक्षण मिळते. पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेतही ही लस तयार होऊ लागली. पहिल्या वेळी दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, आणि पुढे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक.

त्या दिवशी मी पडलेल्या एका कोकरापाशी तासभर बसलो आणि उभा कळप तसाच हिरव्या माळावर चरत राहिला. तो आधी माळावरून हलवायला हवा होता. पुढच्या मे महिन्यात मी लस घेऊन त्याच वाड्यावर गेलो. म्हाताऱ्याने स्वतः एकेक मेंढी धरून दिली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)